गावतळ्यावरची कासवं आणि पाखरं : नोंद कशी ठेवायची

मराठवाड्यातल्या माणसाला जायकवाडीत आज किती टक्के पाणी आहे ते तोंडपाठ असतं. मांजरा किती, माजलगाव किती, येलदरी किती, सगळं. पेपरात रोज छापून येतं, व्हॉट्सॲपवर फिरतं, पारावर त्याच्यावर चर्चा होते. पण त्याच पाण्यावर यंदा चक्रवाक किती उतरले, गावतळ्यात कासवं अजून आहेत का संपली, असं विचारलं की "असतात की, पहिले लई होते" एवढंच उत्तर मिळतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली तेव्हा पाण्याचा हिशेब टँकर टँकरचा ठेवला गेला, पण त्या वर्षी जी तळी आटली त्यातली कासवं कुठं गेली, पुढच्या पावसात किती परत दिसली, हे माझ्या माहितीतल्या एकाही गावात कुणी लिहून ठेवलेलं नाही. आता "पहिले लई" म्हणजे पन्नास का पाच, हे कुणालाच सांगता येणार नाही.

ही नोंद ठेवायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. एक तळं, दोन-चार माणसं, एक वही, आणि तेच काम दरवेळी त्याच पद्धतीनं. अवघड आहे ते सातत्य, बाकी सगळं शिकता येतं. खाली जे सांगतोय ते आपल्याकडच्या तळ्यांवर, बंधाऱ्यांवर, गोदाकाठी जमण्यासारखं आहे तेवढंच सांगतोय.

तळं एकच धरा

नवीन माणूस पहिल्या महिन्यात पैठणला जातो, मग येलदरीला, मग विष्णुपुरीला, फोटो भरपूर जमतात पण नोंद म्हणून त्याचा उपयोग कमी, कारण कुठलीच जागा दुसऱ्यांदा बघितलेली नसते. नाथसागराचंच, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचंच बघा, धरण १९७६ ला झालं, १९८६ ला पक्षी अभयारण्य जाहीर झालं, भरल्यावर पाण्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जातो, हे सगळं दोन माणसं कशी मोजणार. पण त्याच्याच काठावरच्या तुमच्या गावाच्या शिवारातली एक खाडी, जिथं उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, होते, ती दोन माणसं आरामात मोजू शकतात. तसंच गावातला पाझर तलाव, केटी वेअरच्या (कोल्हापुरी बंधाऱ्याच्या) मागचं पाणी, देवळाची बारव, शाळेमागचं गावतळं, काहीही चालतं, फक्त घरापासून जवळ पाहिजे म्हणजे कंटाळा आला तरी जाणं होतं.

जागा ठरली की काठावर उभं राहायचे ठिकाणं ठरवा. तीन पुरेत. एक सांडव्याजवळ, एक उथळ पाण्याकडं जिथं पानकणीस नाहीतर बेशरम माजलेली असते, आणि एक उंचवट्यावर जिथून सगळं पाणी दिसतं. दरवेळी ह्याच तीन जागा, ह्याच क्रमानं, प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं. एखाद्या दिवशी चौथ्या जागेवर छान काहीतरी दिसलं तर ते वेगळं लिहा, पण मूळ मोजणीत मिसळू नका, नाहीतर पुढच्या वर्षी आकडे जुळवताना घोळ होतो.

आणि पाण्याची खूण करा. ही गोष्ट फार लोक विसरतात आणि आपल्या भागात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. एखादा मोठा दगड, पायरी, भिंतीचा कोपरा ठरवा आणि पाणी त्याच्यापासून किती वर का खाली आहे ते दरवेळी लिहा, शिवाय एका ठरलेल्या बाभळीखाली उभं राहून एकाच दिशेचा मोबाईलवर एक फोटो काढा. आपल्याकडं पाखरांची संख्या बहुतेकदा पाण्याच्या पातळीवर हलते. तळं काठोकाठ भरलं की दलदल बुडते आणि शेकाटे, तुतवार सगळे गायब होतात, पाणी उतरलं की परत येतात. पातळी लिहिलेली नसेल तर वाचणाऱ्याला वाटतं पक्षीच संपले.

पाखरांची मोजणी

सकाळी उगवतीनंतरचे दोन तास सगळ्यात बरे. हिवाळ्यात धुकं असलं तर थोडं थांबा. दर पंधरा दिवसांनी एकदा गेलात तरी पुष्कळ, महिन्यातून एकदा गेलात तरी चालेल, पण मग ते चुकवू नका. दुर्बीण असेल तर आठ बाय बेचाळीसची घ्या, आठपट मोठं दिसतं आणि हात थोडा हलला तरी चित्र टिकतं. दुर्बीण नसली तरी थांबू नका, गावतळं लहान असतं, बगळे, टिटव्या, पाणकावळे, खंड्या, वारकरी (काळं पाणपाखरू) नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात.

सुरुवातीला वीस-पंचवीस पक्षी पक्के करा. आपल्या पाण्यावर बारा महिने दिसणारे म्हणजे ढोकरी, गाय बगळा, छोटा पाणकावळा, टिटवी, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक, नदी सुरय, खंड्या. ऑगस्ट-सप्टेंबरपासून धोबी आणि भोरड्या यायला लागतात. पुढं हुरड्याच्या दिवसात ज्वारीच्या वावरावर भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात आणि संध्याकाळी त्याच तळ्याकाठच्या बाभळीत मुक्कामाला जातात, तेव्हा तळ्याच्या नोंदीत त्या पण घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बदकं, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रवाक. मोठ्या जलाशयांवर हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, नाथसागरावर रोहित (फ्लेमिंगो) येतात. मार्च-एप्रिलपर्यंत पाहुणे परत जातात. जाण्याची तारीख कुणी लिहित नाही, आल्याची लिहितात. दोन्ही लिहा.

थवा मोजताना घाई नको. पाण्यावर सातशे वारकरी पसरलेत असं समजा, एकेक मोजायला गेलात तर मधेच हलतात. आधी दहा मोजा, दहा पक्ष्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात बसवा, मग तेवढे तेवढे तुकडे करत पुढं जा. पन्नासावर हात बसला की पन्नासाचे तुकडे करा. दोघं असाल तर दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि वहीत लिहून झाल्यावरच एकमेकाला सांगायचं, नाहीतर पहिल्यानं आकडा बोलला की दुसऱ्याचा आकडा त्याच्याच जवळ येऊन थांबतो. दोन आकडे लांब असले तर परत मोजा. वरून भोवत्या नाहीतर घार गेली आणि सगळं उठलं तर बसेपर्यंत थांबा, उडणारा थवा मोजून परत बसलेला मोजला की आकडा दुप्पट होतो.

ओळख पटली नाही तर "बदक, ओळखलं नाही, अंदाजे ४०" असं लिहा. हे लिहायला लाज वाटायचं काही कारण नाही. अंदाजानं नाव ठोकून दिलं तर ती चूक वहीत कायमची बसते आणि दहा वर्षांनी कुणीतरी त्याच्यावर भरवसा ठेवतो. आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. तारीख, वेळ, पाण्याची खूण, आणि शून्य. रिकाम्या दिवसाची नोंद ही सगळ्यात दुर्मिळ नोंद असते कारण काही दिसलं नाही की माणूस वही उघडतच नाही, आणि मग पक्षी नव्हते का आपण गेलो नव्हतो हे पुढं कळायला मार्ग राहत नाही.

मोबाईलवर ईबर्ड नावाचं ॲप फुकट आहे, त्यात यादी सुरू केली की वेळ आणि अंतर आपोआप मोजलं जातं, भागाची पक्ष्यांची यादी आधी उतरवून घेतली तर नेटवर्क नसलं तरी चालतं, घरी येऊन पाठवायचं. शेवटी ते विचारतं की जे जे ओळखलं ते सगळं लिहिलं का. खरंच सगळं लिहिलं असेल तरच हो म्हणा. नुसता रोहित लिहून साळुंकी-कावळे सोडले असतील तर नाही म्हणा, कारण त्या एका उत्तरावर पुढचा सगळा हिशेब चालतो. आवाजावरून ओळखायला मर्लिन नावाचं ॲप आहे, चांगलं आहे, पण त्यानं नाव दाखवलं म्हणजे झालं असं नाही, कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो आणि ॲप फसू शकतं. पक्षी डोळ्यांनी बघा, मग लिहा.

कासवं: इथं जास्त वेळ द्या

पक्ष्यांकडं आता बरेच लोक बघतात, कासवांकडं फार कमी, आणि आपल्याकडं धोका कासवांना जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पक्षी उडून दुसऱ्या पाण्यावर जातो. कासवाला चालत जावं लागतं, मधे रस्ता असतो, विहीर असते, कुत्री असतात, माणसं असतात.

गावतळ्यात, विहिरीत, भाताच्या नाहीतर उसाच्या पाटात जे कासव नेहमी दिसतं ते मऊ पाठीचं झडपवालं. पाठ शेवाळी-तपकिरी, कातड्यासारखी, खवले नाहीत, नाक पुढं आलेलं. पोटाच्या बाजूला मागच्या पायांवर कातड्याच्या झडपा असतात, पाय आत ओढले की झडप बंद होते, ही पक्की ओळख. दुसरं काळं कासव, पाठ टणक, गडद, आणि पाठीवर लांबीनं तीन उंच रेघा. गोदावरीच्या मोठ्या डोहात याहून मोठी मऊ पाठीची कासवं असतात, पाठच हातभर लांब भरते, त्यातलं लीथचं मऊ पाठीचं कासव हे फक्त आपल्या दख्खनच्या नद्यांमधलं आणि जगातून संपायच्या काठावर असलेलं. त्याच्या पिलांच्या पाठीवर डोळ्यासारखे चार-सहा गोल ठिपके असतात, वय वाढलं की फिके होतात. हे दिसलं तर फोटो काढा, पण त्याचं पुढं काय करायचं ते खाली सांगतो.

आणि एक चौथं, जे इथलं नाहीच. हिरवट, पट्ट्यापट्ट्याचं, डोळ्यामागं लाल रेघ. हे अमेरिकेतलं, शहरात काचेच्या पेटीत पाळायला विकतात, लहानपणी नाण्याएवढं असतं, मोठं झालं की माणसं देवळाच्या तळ्यात नेऊन सोडतात. ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा दोन्ही बळकावतं. तळ्यावर दिसलं तर वेगळी ओळ करून लिहा, आणि ओळखीत कुणी पाळलं असेल तर तळ्यात सोडू नका म्हणून हात जोडून सांगा.

मोजायची वेळ पक्ष्यांपेक्षा वेगळी. हिवाळ्यात ऊन तापल्यावर, साधारण नऊ ते अकरा, कासव दगडावर, पडलेल्या खोडावर, काठाच्या चिखलावर ऊन खायला येतं. समोरच्या काठावरून बघायचं, त्याच काठानं चालत गेलात की पावलांचा हादरा बसून सगळी पाण्यात जातात आणि तुम्हाला नुसता छपाक ऐकू येतो. खाली बसा, हलू नका, पाच मिनिटं काहीच लिहू नका. मग डावीकडून उजवीकडं सगळा काठ बघून मोजा. दहा मिनिटांनी परत, अजून दहा मिनिटांनी परत. तीन मोजण्यांमधला सगळ्यात मोठा आकडा तो त्या दिवसाचा आकडा. तिन्हींची बेरीज करायची नाही, कारण तेच कासव परत वर आलेलं असू शकतं.

झडपवालं कासव बाहेर कमीच येतं. त्याला पाण्यात ओळखायला शिका. पाण्याच्या वर नुसतं नाकाचं टोक येतं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं, दोन-तीन सेकंद थांबतं आणि तसंच सरळ खाली जातं, मागं एक बारीक वर्तुळ तेवढं राहतं. मासा वर येऊन जातो तेव्हा पाणी फुटतं, कासवाच्या वेळी फुटत नाही. हे एकदा डोळ्याला बसलं की शांत सकाळी जलपर्णीच्या कडेला असली नाकं एकामागून एक दिसायला लागतात. ती "नाक दिसलं" म्हणून वेगळी लिहा, उन्हातल्यांमध्ये मिळवू नका.

उन्हाळ्यात तळं आटलं की झडपवालं कासव चिखलात खोल जाऊन पडून राहतं, महिनोन्महिने. म्हणून मे महिन्यात शून्य आलं तर कासव संपलं असं नाही. पण हेच दिवस तळ्यातला गाळ उपसायचे असतात. जेसीबीवाल्याला आणि सरपंचाला आधीच सांगून ठेवा की बकेटमध्ये कासव निघालं तर बाजूला ठेवा, फोन करा, त्याच तळ्याच्या ओल्या भागात नाहीतर जवळच्या पाण्यात वनखात्याला विचारून सोडू. गाळ काढणाऱ्यांपैकी कुणाला त्रास द्यायची इच्छा नसते, सांगितलं की लोक ठेवतात बाजूला. ती कासवं मोजा, फोटो काढा, कारण तळ्यात खरोखर किती होती हे कळायची अशी संधी परत लवकर येत नाही.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी कासवं बाहेर निघतात. हा नोंदीचा सगळ्यात मोठा दिवस. तळ्याशेजारचा रस्ता सकाळी लवकर एक-दीड किलोमीटर चाला, जिवंत किती, गाडीखाली गेलेली किती, कुठल्या मोरीजवळ. दोन-तीन वर्षं हेच केलं तर रस्त्याचा नेमका कुठला शंभर मीटरचा तुकडा घातकी आहे ते कळतं, आणि तेवढ्याच तुकड्यावर पावसाच्या पहिल्या आठवड्यात पोरं उभी करणं किंवा बांधकाम खात्याकडं गतिरोधक मागणं शक्य होतं. सगळ्या रस्त्यासाठी अर्ज केला तर कुणी बघत नाही, शंभर मीटरसाठी फोटो आणि आकड्यांसकट केला तर बघतात.

रस्त्यावरचं कासव उचलायचं असेल तर मागून, दोन्ही बाजूंनी मागच्या पायांच्या जवळ धरायचं, जमिनीपासून फार उंच न्यायचं नाही, हातातून सुटलं तर पाठ फुटते. झडपवाल्याची मान दिसते त्याच्यापेक्षा फार लांब निघते आणि चावा जोरात असतो, पुढं हात नकोच. शेपटीला तर अजिबात धरायचं नाही. घमेलं आणि ओलं पोतं मिळालं तर उत्तम. ज्या बाजूला ते निघालं होतं त्याच बाजूला रस्त्याच्या पलीकडं सोडायचं. मागं आणून तळ्यात टाकलं तर ते परत निघतं आणि परत रस्त्यावर येतं.

नांगरताना अंडी लागली तर, पांढरी, गोल, कडक कवचाची, एका घरट्यात दोन ते सोळापर्यंत, ती फिरवायची नाहीत. वरची बाजू वरच ठेवून तशीच मातीनं झाका, चार काड्या रोवा, तेवढा गुंठाभर सोडून पुढं जा. आतलं पिलू कवचाला एका बाजूनं चिकटलेलं असतं, अंडं उलटं झालं की मरतं. निघायला कित्येक महिने लागतात, तोपर्यंत खूण राहू द्या.

भोई मंडळींना विचारा, आणि नीट विचारा

कासवाबद्दल तळ्यावर सगळ्यात जास्त माहिती मासेमारी करणाऱ्यांना असते. रोज तराफ्यावर तेच असतात. पण पहिल्याच भेटीत वही काढून "जाळ्यात कासव अडकतं का" विचारलं तर ते नाही म्हणणार, कारण त्यांना गुन्ह्याची भीती असते आणि ती बरोबरच आहे. चार वेळा नुसतं जाऊन बसा, चहा घ्या, यंदा मासा कसा आहे विचारा. मग "काका, पहिले कुठल्या डोहात दिसायचे, आता कुठं दिसतात, कुठल्या महिन्यात" असं विचारा. वयस्कर माणसाला विचारताना काळ त्याच्या हिशेबानं धरा, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर, धरण झालं तेव्हा, मोठ्या पोराच्या लग्नाच्या वर्षी. त्यातून निघालेली माहिती वहीत वेगळ्या पानावर, कुणी सांगितलं त्याचं नाव त्यांना विचारूनच लिहा.

तंगूसच्या (बारीक नायलॉन धाग्याच्या) जाळ्यात अडकलेलं कासव बुडून मरतं, त्याला हवेसाठी वर यावंच लागतं, हे बऱ्याच जणांना वाटत नाही कारण कासव म्हणजे पाण्यातलंच. जाळं रात्रभर न ठेवता मधे एकदा बघणं, अडकलेलं दिसलं की पायाभोवतीचा धागा कापून तिथंच सोडणं, एवढं जरी मान्य झालं तरी खूप फरक पडतो. गळ गिळला असेल तर ओढायचा नाही, दोरा वीतभर ठेवून कापायचा आणि वनखात्याला फोन करायचा. जाळ्याचं नुकसान गरीब माणसाला परवडत नाही हे पण लक्षात ठेवा, गावातून वर्गणी काढून एखादं जाळं दुरुस्त करून दिलं तर पुढची दहा कासवं वाचतात.

वीस नख्यांचं भूत

हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पैशांचा पाऊस पाडायला वीस नख्यांचं कासव लागतं असं सांगत फिरणाऱ्या टोळ्या आपल्याकडं आहेत, आणि माणसं त्यांच्या नादाला लागून कर्ज काढतात आणि तळी उपसतात. झडपवाल्या कासवाला प्रत्येक पायाला तीनच नख्या दिसतात, बारा. काळ्या कासवाला पुढं पाच-पाच, मागं चार-चार, अठरा. ह्या शोधात बिचारी कासवं पोत्यात भरून फिरवली जातात आणि मरतात. शाळेत पोरांना कासवाच्या फोटोवर नख्या मोजायला लावा, गावात सांगायला तेच पुरेसं होतं.

कायद्याचं पण सांगा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, झडपवालं कासव पहिल्या अनुसूचीत आहे, पकडणं, बाळगणं, विकणं, खाणं सगळा गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं. घरात शुभ म्हणून ठेवलेलं असेल तरी तोच कायदा. पाठीवर चांदण्यांची पिवळी नक्षी असलेलं कासव कुणाकडं दिसलं तर ते जमिनीवरचं आहे, दया येऊन तळ्यात सोडू नका, बुडून मरेल. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, त्याच्यावर फोन करा, गावाचं नाव आणि खूण सांगा.

म्हणूनच कासवाची जागा जाहीर करताना जपा. मघाशी म्हणालो ते मोठं मऊ पाठीचं कासव, कुठंही एका जागी जास्त कासवं, घरटं, अंडी, यातलं काही सापडलं तर व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन टाकायचं नाही, फोटोत देऊळ, पाटी, पूल दिसत असेल तर कापून टाकायचा, स्टेटसला तालुका पण नको. पूर्ण नोंद वहीत आणि वनखात्याच्या माणसाकडं. आयनॅचरलिस्ट नावाच्या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकत असाल तर जागा झाकायचा पर्याय स्वतः निवडा. पक्ष्यांमध्येही हेच, गोदेच्या वाळूवर मार्च ते मे दरम्यान नदी सुरय आणि टिटव्या उघड्यावर अंडी घालतात, त्याचे फोटो घ्यायला गर्दी झाली की आई उठते आणि उन्हात अंडी वाया जातात. तिथं पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. त्याच पट्ट्यात वाळूउपसा चालू असेल तर तारीख आणि जागा लिहून तहसीलला द्या, रात्री एकट्यानं जाऊन ट्रॅक्टर अडवायला जाऊ नका.

मेलेले पक्षी दिसले तर

एखादा मेलेला बगळा दिसणं वेगळं, आणि एकाच वेळी पाच-सात कावळे नाहीतर बदकं मेलेली दिसणं वेगळं. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले, त्यातही तेच निघालं. हात लावायचा नाही, लेकरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवायचं, लांबून फोटो, संख्या, जात, वेळ, आणि लगेच गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि १९२६ ला. अशा वेळी तुमच्या जुन्या नोंदी फार कामाला येतात, कारण डॉक्टर पहिलं विचारतात की ह्या तळ्यावर एरवी किती पक्षी असतात.

वही आणि तिचं पुढं काय

वही साधी, शाळेची लांब वही चालते. पान आडवं करा. तारीख, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, कोण कोण होतं, हवा, पाण्याची खूण, मग नाव, आकडा, काय करत होता. शेवटचा रकाना "इतर" ठेवा, त्यात जाळी किती, मोटारी किती लागल्या, गुरं धुतात का, कचरा, जलपर्णी पसरली का. नाव गावात म्हणतात ते लिहा, प्रमाण नाव नंतर लावता येतं. महिन्याच्या शेवटी प्रत्येक पानाचा फोटो काढून दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, वह्या भिजतात, उंदीर खातात, लग्नाच्या गडबडीत रद्दीत जातात.

जिल्हा परिषदेच्या शाळेला यात घेतलं तर काम टिकतं, पण शिक्षकाची बदली झाली की बंद पडतं, म्हणून शाळेबरोबर गावातला एक राहणारा माणूस, शेतकरी नाहीतर दुकानदार, कायमचा असू द्या. पोरांच्या नजरेला नाकाची टोकं आपल्यापेक्षा लवकर दिसतात. पाण्याच्या कडेला मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पोरांना पाठवू नका, पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला की नदीकाठची मोजणी त्या दिवशी रद्द, आणि काठच्या गवतात घोणस असते, बूट घाला.

वर्षातल्या काही तारखा धरून ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ते सलीम अलींचा जन्मदिवस. शाळेला नवीन सुरुवात करायला हा आठवडा चांगला. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशियाई पाणपक्षी गणना, १९८७ पासून चालू आहे, तुमच्या तळ्याचा आकडा त्याच आठवड्यातला असेल तर तो थेट त्याच्यात बसतो. फेब्रुवारीत चार दिवसांचा ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, त्याला घराचं अंगण पण चालतं. २३ मे जागतिक कासव दिन, नेमका गाळ काढायच्या हंगामात, त्या दिवशी ग्रामपंचायतीत कासवाचं बोलायला निमित्त मिळतं.

आणि ग्रामपंचायत महत्त्वाची आहे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याच्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर तयार होऊन कपाटात पडलेली असते. ग्रामसेवकाला भेटून ती बघायला मागा, आपल्या तळ्याचं पान काढा, त्यात काय लिहिलंय ते तुमच्या वहीशी ताडून बघा आणि वर्षभराचा तक्ता एका पानावर करून समितीकडं लेखी द्या, पोच घ्या. पुढं तळ्याच्या सुशोभीकरणाचा ठराव आला, काठाला चारी बाजूंनी सिमेंटची भिंत घालायची ठरली, तर कासवाला चढायला एक बाजू मातीची उतरती सोडा हे सांगायला तुमच्याकडं गावाच्याच दप्तरातला कागद असतो. भिंत घालायचीच असेल तर उतरती बाजू उथळ पाण्याकडची मागा, जिथं तुमच्या नोंदीत ऊन खाणारी कासवं सगळ्यात जास्त आलीत, आणि तिची रुंदी किमान दहा-पंधरा फूट तरी ठेवा म्हणा, कारण एवढ्याशा फटीतून गुरं आणि कासवं दोन्ही जाणार असतात.